दुसरा गडी यायचाय

फोन आला तेव्हा मी एका बाबांसाठी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापत होते. किन्हवलीहून शेजारच्या घरातल्या पोराचा फोन होता. "आत्या, मिलिंददादाच्या छातीत दुखाया लागलं कामावर. आसनगाववरनं शहापूरला नेला होता..." पुढचं त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी पट्टी पूर्ण कापली, टोचू नयेत म्हणून तिचे कोपरे गोल केले, पुडीत घातली आणि बाबांना सांगितलं, "सकाळी एक, काहीतरी खाऊन." बाबा गेले. मग काउंटरच्या पलीकडचं निळं प्लास्टिकचं स्टूल दिसलं. ते स्टूल गिर्‍हाइकांसाठी ठेवलेलं आहे, पण दर सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यावर मिलिंद बसायचा. त्या दिवशी त्यावर कुणाची तरी विसरलेली छत्री होती. ती छत्री न्यायला अजून कुणी आलेलं नाही.

मिलिंद माझा भाचा. त्याचे वडील, म्हणजे माझा दादा, माझ्याहून पुष्कळ मोठा, त्यामुळे मिलिंद आणि मी नात्यानं आत्या-भाचा असलो तरी भांडायला सख्खी भावंडं होतो. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. किन्हवलीच्या घरात मिलिंद आणि त्याची आई, म्हणजे माझ्या शेवंतावहिनी, दोघंच. इकडे मुरबाडला माझं मेडिकल आहे आणि दुकानामागच्या खोलीत मी राहते, एकटी. लग्न का केलं नाही हे विचारणारे आता विचारून दमलेत. मिलिंदच्या पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, मग एकेक जण उठून बोलले. मनमिळाऊ होता, निर्व्यसनी होता, जयंतीच्या कामाला पुढं असायचा, गोदामात त्याच्या हाताखाली एवढी माणसं होती... सगळं खरंच होतं. पण तो ज्याच्यासाठी जगत होता त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण ते कुणाला कळलंच नव्हतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, आत्याबाईंनी चार शब्द बोलावेत. मी उठले. 'मिलिंद खेळ बनवायचा,' एवढं वाक्य ओठांवर आलं आणि समोरचे चेहरे बघून मी परत खाली बसले. ते चार शब्द आता इथं लिहिते आहे. चाराचे चारशे होतील, कारण मला थोडक्यात बोलायची सवय नाही.

लहानपणी त्याच्याशी खेळणं म्हणजे डोक्याला ताप होता. वहिनी शेतावर गेल्या की तो माझ्या गळ्यात. मी सागरगोटे काढले की हा समोर बसणार, दोन डाव मुकाट्यानं बघणार आणि मग म्हणणार, "आत्या, आता वर फेकलेला झेलायचाच नाय. बघू काय होतंय." काय होणार? खेळाचा विचका व्हायचा. मी त्याला एक धपाटा घालायची. पण त्याला तो विचकाच बघायचा असायचा. एक नियम काढला की खेळ कुठून मोडतो हे त्याला पाहायचं होतं, हे मला कळायला वीस-पंचवीस वर्षं लागली. गावाबाहेर ओढ्याजवळ एका कातळावर कुणी जुन्या माणसांनी वाघ-बकरीचा पट कोरून ठेवला आहे. गुराखी तिथं खडे मांडून खेळायचे. मिलिंद मोठा झाल्यावरही सुट्टीला तिथं जाऊन बसायचा, एकटाच, दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायचा. वाघ एक कमी करून, बकर्‍या दोन वाढवून. गावातले म्हणायचे, शेवंताचा पोरगा जरा तसाच आहे.

कॉलेज झालं, आसनगावजवळ एका गोदामात नोकरी लागली. खोक्यांवर यंत्र धरायचं, टूं वाजलं की पुढचं खोकं. पुढं तो मुकादमासारखा झाला, पण टूं काही सुटलं नाही. तिथंच त्यानं एकदा मोबाइलवर खेळ कसे बनवतात याचे व्हिडिओ बघितले आणि तो जो गुरफटला तो गुरफटलाच. जुना लॅपटॉप घेतला. शिकवायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही. व्हिडिओतला गोरा माणूस भराभर बोलायचा, हा थांबवून थांबवून ऐकायचा. पहिल्यांदा त्यालाही मोठा खेळ करायचा होता, किल्ला, घोडे, लढाई वगैरे. वर्षभर खपला आणि घोडा काही चालेना. मग एक दिवस स्टुलावर येऊन बसला आणि म्हणाला, "आत्या, मी ठरवलंय. येवढासा करायचा, पन पुरा करायचा." त्यानंतर त्यानं कधी मोठ्याचं नाव काढलं नाही. एका खेळात एकच गोष्ट. जमली तर ठीक, नाही जमली तरी शेवटपर्यंत न्यायची, मला खेळायला लावायची आणि मग दुसरा घ्यायचा.

मलाच का, तर माझ्याइतकं वाईट खेळणारं त्याला दुसरं कोणी सापडलं नाही. "तू हरतेस छान," असं तो म्हणायचा आणि ते कौतुक होतं. दुपारी मुरबाडची पेठ पेंगते तेव्हा तो यायचा, फोन माझ्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचा. कुठलं बटण, कुठं जायचं, काय टाळायचं, काही सांगायचा नाही. मी विचारलं तर छताकडे बघायचा. तोंडानं सांगावं लागलं तर खेळ फसला, हा त्याचा कायदा. त्याची नजर पडद्यावर नसायचीच, माझ्या अंगठ्यावर असायची. पहिला खेळ कावळ्याचा होता. अंगणात वाळवण घातलंय, कावळा येतो, त्याला हाकलायचं. मी हाकलला, तो आला, हाकलला, आला... शेवटी मी फोन काउंटरवर आपटला आणि म्हटलं, "मेल्या, दमले मी." त्यानं एवढंच विचारलं, "कुठं दमलीस?" पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याचा कावळा दोनदा हाकलल्यावर तारेवर जाऊन बसत होता, मान वाकडी करून बघत होता, आणि तेवढ्यात आपण श्वास घ्यायचा. खेळ तोच, पण मी दुपारभर खेळले. कावळा तारेवर बसला की मला त्याची वाट बघावीशी वाटायला लागली.

मग त्यानं माझ्याच दुकानाचा खेळ केला, मला न विचारता. काउंटर, रांग, डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्यावर गांडुळासारखं अक्षर, बरोबर बाटली काढायची. मी सराईत, मला वाटलं इथं तरी जिंकेन. पण माणसं येतच राहिली. मी वैतागून म्हटलं, "यात जेवायची सुट्टी कुठाय रे?" त्यानं मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात खेळात एक शटर आणलं. वाटेल तेव्हा खाली ओढता यायचं. ओढलं की रांगेतली माणसं कुरकुरत बाजूच्या पायरीवर बसायची आणि एक जण डबा उघडायचा. मी तो खेळ कितीतरी वेळा फक्त शटर ओढण्यासाठी खेळले आहे. त्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "बघ, मी रांगेचा गेम बनवला आनि तू शटरचा खेळतेस." त्या दिवशी तो फार खूश होता. फसलेल्या खेळातून त्याला जेवढं मिळायचं तेवढं जमलेल्यातून मिळत नसे.

दुसर्‍यांचे खेळही तो असेच सोलायचा. लोक जिंकायला खेळतात, हा मुद्दाम हरायचा. आवाज बंद करून खेळायचा, मग डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचा. माझ्या फोनवर एक रंगीत गोळ्या जुळवायचा खेळ होता. त्याला तो सापडला तेव्हा तो पोट धरून हसला. "दिवसभर गोळ्या इकतेस, वर अजून गोळ्याच?" पण मग गंभीर होऊन माझ्या मागेच लागला. नेमकी कुठं थांबतेस, हरल्यावर की जिंकल्यावर, परत का उघडतेस. मी म्हटलं, एकच राहिली होती, म्हणून. "हां. तुला एकच राहिली असं वाटावं म्हनून कोनीतरी कुठंतरी बसून मेहनत केलीय. मला असं नाय करायचं." मुरबाडच्या बाजाराच्या दिवशी तो बाजारातून हिंडून यायचा आणि सांगायचा, सुकी मासळी विकणारी ती बाई बघ, पहिला भाव कसा सांगते, गिर्‍हाईक दोन पावलं गेलं की कशी हाक मारते, तीन पावलं जाऊ देत नाही. त्याला तोही खेळच वाटायचा. मला वाटायचं याच्या डोक्यात एवढं चालतं आणि ऐकायला मी एकटी... माझ्या जागी कोणी जाणतं माणूस असतं तर किती बरं झालं असतं.

कारण तसं माणूस नव्हतं. मुंबईत असेल, पुण्यात असेल, शहापूर-मुरबाडात नव्हतं. नातेवाइकांनी विचारलं तर वहिनी सांगायच्या, कंप्युटरचं काम करतो. एका ठिकाणी लग्नाची बोलणी चालली होती, तिथं हा खरं बोलला, मी गेम बनवतो म्हणाला. मुलीच्या मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हंजे त्यो रमीचा जुगार असतो, तसं काय?" याला हसू आवरेना. बोलणी तिथंच बारगळली. परत येताना मी रागावले तर म्हणाला, "त्यांचं काय चुकलं गो? त्यांनी जो बघितलाय तोच इचारला." बोलला हसून, पण त्यानंतर पुढच्या दोन सुट्ट्यांना तो आला नाही.

एक गोष्ट मधेच सांगायला हवी. मला पालीची भीती वाटते. साधी नाही, हातातलं टाकून पळते अशी. दुकानात माझ्या मागच्या फळीवर खोकल्याच्या औषधांमागून एक पाल अधूनमधून डोकावते. माझी पाठ तिच्याकडे, मला ती दिसत नाही. समोर स्टुलावर बसलेल्या मिलिंदला दिसायची. तो शांतपणे म्हणायचा, "आत्या, मागं पाल." मी किंचाळत बाहेरच्या पायरीवर. तसंच त्याच्या मागचा रस्ता मला दिसायचा. त्याची पाठ रस्त्याकडे, मी सांगायची, "सरक, मागं गिर्‍हाईक आलंय." वर्षानुवर्षं आमचं असं चाललं होतं. एकदा मी त्याला बजावलं, काय वाट्टेल ते बनव, पण तुझ्या कुठल्याही खेळात पाल आली तर मी हात लावणार नाही. त्यानं छातीवर हात ठेवला. "तुला दिसंल अशी पाल मी कदी घालनार नाय. शब्द." माझं समाधान झालं.

मग आला आवणीचा खेळ. आपल्याकडे भाताची रोपं उपटून चिखलात लावतात ती आवणी. मिलिंद गोदामातून रजा काढून आईबरोबर दरवर्षी आवणीला उतरायचा. त्यानं पडद्यावर भाताचं एक खाचर काढलं, एक बाई, तिच्या हातात रोपांची मूठ. पडदा दाबला की ती एक रोप खोचते आणि एक पाऊल मागं सरकते. बस्स. पावसाच्या आवाजात ते करत राहायला फार बरं वाटायचं. तेव्हा इंटरनेटवर कसलीशी स्पर्धा होती, चार दिवसांत छोटा खेळ करायचा आणि जगभरच्या माणसांनी एकमेकांचे खेळायचे. यानं आवणी पाठवली. नंतर आठवडाभर तो फोन बघत होता. लोकांनी लिहिलं होतं. चित्र छान आहे, पाऊस छान आहे, पण बटणं उलटी लागली आहेत, बाई मागं जाते, दुरुस्त करा. एकानं नाही, झाडून सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. शेवटपर्यंत कोणीच खेळलं नव्हतं.

मीही म्हटलं, मग कर ना सरळ, काय बिघडतंय? त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मुरबाडात राहून शहरी झाले होते. "अगो आत्या, पुढं तोंड करून पुढं चाललीस तर लावलेलं तुडवशील ना? आवणी मागं मागंच जाते. समोर लावलेलं दिसतं, मागं काय हाय ते दिसत नाय." मग स्वतःच म्हणाला, "पन चूक माजीच. मला वाटलं हे सगळ्यांना म्हाईत असतं." किन्हवलीत त्यानं तो खेळ ज्याच्या ज्याच्या हातात दिला त्यातल्या एकालाही काही विचारावं लागलं नव्हतं. बाहेरच्या एकालाही तो कळला नाही. त्यानं नंतर त्यात पुढं जायचीही मुभा दिली. पुढं पाऊल टाकलं की रोपं पायाखाली मोडतात आणि असा काही आवाज येतो की अंगठा आपोआप मागं येतो. पण तोपर्यंत स्पर्धेतली माणसं पांगली होती. त्याला फार काही नको होतं. न पाहिलेल्या, न ओळखीच्या एका माणसानं आपला खेळ मनापासून शेवटपर्यंत खेळावा, एवढंच तो मागत होता... ते काही झालं नाही.

त्याच खेळावर वहिनींनी एक वाक्य टाकलं. वहिनी त्याच्या खेळांना हात लावत नसत, डोळे दुखतात म्हणायच्या. पण एकदा भाकरी थापता थापता त्यांनी त्याच्या खांद्यावरून डोकावलं आणि म्हणाल्या, "आवनीला एकटी बाई कुटं असती रे? कोनाशी बोलंल ती?" हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जगभरच्या माणसांनी जे सांगितलं नाही ते आईनं पीठ लागल्या हातानं सांगितलं. पुढचं वर्षभर तो एकाच खेळावर बसला. त्याच्या मानानं हे फारच झालं.

दोघांची आवणी. एक फोन माझा, एक त्याचा, दोन्ही एकमेकांना जोडलेले. खाचराच्या मधोमध दोघं समोरासमोर उभे राहतात आणि लावत लावत मागं सरकत जातात, म्हणजे एकमेकांपासून लांब. बांध वेडावाकडा आहे, मधे खेकड्याची बिळं आहेत, पण आपल्या मागचं आपल्याला दिसतच नाही. मला दिसतं ते त्याच्या मागचं आणि त्याला दिसतं ते माझ्या मागचं. तेव्हा सांगावं लागतं. "मागं बांध." "डावीकडं सरक, बीळ हाय." त्यासाठी खेळात कुठलंही बटण नव्हतं. मी चिडवलं, तोंडानं सांगावं लागलं तर खेळ फसला म्हणणारा तू! तर म्हणाला, "मी खेळणार्‍याला सांगायचं नाय. खेळणार्‍यांनी एकमेकांना सांगायचं." मी म्हटलं, बायका आवणीला समोरासमोर कधी उभ्या राहतात? सगळ्या एका ओळीत असतात. "मग तुज्या मागचं मला कसं दिसनार?" असं म्हणून त्यानं काउंटरकडे हात केला. इकडे मी, तिकडे तो. मधे गोळ्यांचे डबे. मला तेव्हा कळलं की हा खेळ कुठून आला.

आम्ही तो कितीतरी दुपारी खेळलो. मी बांधावरून धडाधड पडायची, रोपं पाण्यात सांडायची. मिलिंद पडद्याकडे बघून सारखा गालातल्या गालात हसायचा. मला वाटायचं, माझ्या खेळाला हसतो आहे. "दात काय काढतोस? नीट सांग की," मी ओरडायची. तो आणखी हसायचा. त्याच्या मागं मात्र मला फक्त बांध, बिळं आणि माहुलीच्या डोंगराची रेघ दिसायची. मी एकदा म्हटलं, तुझ्या मागं काही काढायचं विसरलास का? "हाय तेवढंच काढलंय," तो म्हणाला. खेळ सुरू करताना एक जण आधी आला तर पडद्यावर अक्षरं यायची, 'दुसरा गडी यायचाय'. थोडा वेळ ती बाई उभी राहायची आणि मग बांधावर बसायची. ते बसणं त्यानं माझ्यामुळे घातलं होतं. मधेच गिर्‍हाईक आलं की मला उठावं लागायचं, आणि बाईनं चिखलात ताटकळत उभं राहिलेलं त्याला बघवत नव्हतं.

तो खेळ त्यानं कुठं पाठवला नाही. जरा बांध नीट करतो, मग पाठवतो, म्हणत होता. त्याच्या लॅपटॉपला कुलूप आहे आणि त्याची किल्ली त्याच्या डोक्यात होती. राहिले दोन फोन, माझा आणि त्याचा. त्याच्या फोनला कुलूप नव्हतं. कार्यक्रमाच्या दुसर्‍या दिवशी वहिनींनी त्याचा फोन माझ्या हातात दिला. त्यांचा जुना बटणांचा फोन बिघडला होता, तेव्हा आता हाच वापरा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. गावातला मोबाइलवाला म्हणत होता, सगळं साफ करून देतो, फोन हलका होईल. वहिनी म्हणाल्या, "सुमन, त्याआदी तू बघ. यातलं काय ठेवायचं, काय नाय, तुलाच कळतं त्याचं." मी फोन आणला आणि गल्ल्याच्या खणात ठेवला. कितीतरी दिवस तो चार्ज करत राहिले, उघडला मात्र नाही. दुपारी माझ्या फोनवर खेळ उघडायची. 'दुसरा गडी यायचाय.' बाई उभी राहायची, मग बसायची. मी पण बसायची. हा खेळ एकट्यानं खेळता येत नाही, आणि तो फोन साफ केला की कधीच कुणाला खेळता येणार नाही. बरं, ठेवून तरी कोण खेळणार होतं? मला रडायला येत नव्हतं. राग येत होता. एवढ्या वर्षांत माझ्यापलीकडे एकही गडी याला जोडता आला नाही, आणि मलाही नाही.

गेल्या आठवड्यात दुकान बंद ठेवून किन्हवलीला गेले. वहिनींना म्हटलं, फोन आणलाय, साफ करायचा की नाही ते तुम्हीच ठरवा, पण त्याआधी एकदा माझ्याबरोबर बसा. त्या नको नको म्हणाल्या, चष्मा कुठं आहे म्हणाल्या, हात पुसून आल्या. भिंतीला टेकून मी बसले, समोर त्या. त्यांच्या हातात मिलिंदचा फोन दिला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. काही सांगायचं नाही, हा त्याचा कायदा. दोन्ही फोन जोडले गेले, बांधावर बसलेली बाई उठून उभी राहिली. वहिनींनी चष्मा वर केला, अंगठा टेकवला, एक रोप खोचलं आणि मागं सरकल्या. विचारलं नाही, अडखळल्या नाहीत. दुसरं, तिसरं, चौथं... माझ्यापेक्षा सरळ ओळ. त्यांच्या मागं बीळ आलं तेव्हा मी सांगितलं. मग थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "बांध हाय गो मागं, वाईच उजवीकडं हो." त्यांचा आवाज शेतातला होता, लांबच्या माणसाला ऐकू जाईल असा. मी सरकले. आमच्या दोघींच्या मधलं खाचर हळूहळू हिरवं होत होतं आणि वहिनी पडद्यावर लहान लहान होत चालल्या होत्या.

तेवढ्यात त्यांचा अंगठा थांबला. "सुमन," त्या म्हणाल्या, "तुज्या मागं पाल हाय."

मी फोन टाकून उठले, थेट दारापर्यंत गेले आणि वळून बघितलं. भिंत कोरी होती. वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या, फोनकडे बघत होत्या. "हितं," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. मी त्यांच्या बाजूला जाऊन वाकले. त्याच्या फोनवर माझी बाई होती आणि तिच्या मागं बांधावर एक छोटीशी, गुबगुबीत पाल, शेपूट हलवत. मी माझा पडलेला फोन उचलून एकदा दाबला, तर माझी बाई एक पाऊल मागं आली आणि पाल एक पाऊल पुढं आली. डोक्यावर तिला पावसाचं इरलं घातलं होतं. त्यानं शब्द पाळला होता. मला दिसेल अशी पाल त्यानं घातली नव्हती. त्या सगळ्या दुपारी तो माझ्या खेळाला हसत नव्हता... मी हसायला लागले, आणि मग जे रडू मांडवात आलं नव्हतं, स्मशानात आलं नव्हतं, ते आलं. वहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बर्‍याच वेळानं त्यांनी फोन पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "ह्यातलं काय नको काढू. राहू दे भरलेला."

फोन तिकडेच ठेवून आले. वहिनी म्हणाल्या, येशील तेव्हा खेळू, आणि आम्ही खेळू. पण किन्हवली तिकडे आणि मी इकडे, दोन फोन एका छपराखाली आल्याशिवाय जोडले जात नाहीत. दुपारी पेठ पेंगते. मी खेळ उघडून फोन काउंटरवर डब्यांना टेकवून ठेवते. 'दुसरा गडी यायचाय.' बाई उभी राहते, मग बांधावर बसते. तिच्या मागं आता इरलं घातलेली पाल असणार, हे मला माहीत आहे. इतकी वर्षं जिला भ्याले तिला बघायला मी आज काय वाटेल ते देईन. पण ती दिसते फक्त समोरच्याला. समोर निळं स्टूल आहे. कुणी गिर्‍हाईक त्यावर बसलं तर मी उठवत नाही, फक्त औषध देताना जरा वेळ लावते. काल एक बाई बसल्या होत्या, माझ्या मागच्या फळीकडे टक लावून बघत होत्या. मी हातातलं काम थांबवून वाट बघितली. त्या काहीच बोलल्या नाहीत.